फ्लॅट मागावा का? प्रार्थनेत गरज आणि इच्छा कशी मांडायची

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हांला तपासता येईल. तुम्ही पिंपरीत भाड्याच्या घरात राहता. स्वतःचा फ्लॅट व्हावा आणि मिस्टरांची कंत्राटी नोकरी कायम व्हावी, या दोन गोष्टींसाठी दोन वर्षं रोज प्रार्थना करता. प्रार्थनासभेला येणारे प्रचारक सांगतात, "किती खोल्या, कितवा मजला, नाव घेऊन मागा आणि मिळालंच असं म्हणा." सासूबाई म्हणतात, "त्याला सगळं ठाऊक आहे, देवापुढे असलं काय मागायचं?" अजून काही मिळालेलं नाही आणि आपल्या विश्वासातच खोट आहे की काय, ही शंका तुम्हांला पोखरतेय. शेवटी एक लहानसा प्रश्न: आठ वर्षांचा मुलगा रोज रात्री गिअरची सायकल मागतो, त्याला थांबवू का?

वरवर पाहता हा "मागावं की मागू नये" असा प्रश्न आहे. मला खरी अडचण वेगळी वाटते. दोन वर्षं एकच वाक्य म्हणत राहिल्याने त्या वाक्याच्या पोटात काय काय आहे ते बघायचं राहून गेलंय. आणि उत्तर आलंच तर ते ओळखायचं कशावरून, हेही ठरलेलं नाही. लोकांच्या मागण्या ऐकून घेणं आणि त्यांच्याबरोबर बसून प्रार्थना करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि सगळ्यांत जास्त वेळा गाडी इथेच अडते. म्हणून आधी सासूबाईंचं आणि प्रचारकांचं म्हणणं बघू, मग तुमचा फ्लॅट हातात घेऊ.

सासूबाईंचं वाक्य शुभवर्तमानातलंच आहे, पण अर्धं. मत्तय ६:८ मध्ये येशू म्हणतो की तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या गरजा तुमच्या पित्याला ठाऊक आहेत. पुढच्याच वचनात तो "म्हणून अशी प्रार्थना करा" म्हणतो आणि प्रभूची प्रार्थना शिकवतो, जी सगळी मागण्यांनीच भरलेली आहे. त्याला ठाऊक आहे म्हणून मागा, असा तो क्रम आहे. ४१० साली रोमची लूट झाल्यावर प्रोबा नावाची एक श्रीमंत विधवा आफ्रिकेत आली होती. तिने प्रार्थनेबद्दल विचारलं तेव्हा तिथले बिशप संत ऑगस्टीन यांनी तिला पत्रातून हेच समजावलं. देवाला माहिती पुरवायला आपण मागत नाही. मागता मागता आपली इच्छा ताणली जाते, मोठी होते आणि तो देणार ते घ्यायला जागा होते. सासूबाईंच्या बोलण्यात देवाविषयीचा आदर आहे, तो मोलाचा आहे. पण घरात तोंडच न उघडणाऱ्या मुलाला आपण आदरशील म्हणत नाही, त्याला काय झालंय याची काळजी करतो.

प्रभूच्या प्रार्थनेत "आमची रोजची भाकर" ही चौथी मागणी आहे. आधी देवाचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा, मग भाकर, मग क्षमा आणि मोहापासून सुटका. भाकरीला मधे जागा आहे, तिला हाकलून लावलेलं नाही. "रोजची" या शब्दासाठी मूळ ग्रीकमध्ये "एपिऊसिओस" असा शब्द आहे. तो प्रभूच्या प्रार्थनेबाहेर जवळजवळ कुठेच सापडत नाही, आणि त्याच्या अर्थावर तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानापासून चर्चा चालू आहे. आजच्यापुरती, उद्याची, जगायला लागणारी, असे अर्थ लावले गेले. मराठीत "भाकर" आली हे मला फार नेमकं वाटतं. ज्वारीची भाकर दुसऱ्या दिवशी वातड होते, आठवडाभराची थापून ठेवता येत नाही. रानात देवाने इस्राएल लोकांना रोज दिलेल्या मान्ना या अन्नाचंही तसंच होतं. माणशी एक ओमेर, म्हणजे एक ठरावीक माप, आणि सकाळपर्यंत ठेवला की किडे पडायचे. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट. आणखी एक बघा, ती प्रार्थना "मला" म्हणत नाही, "आम्हांला" म्हणते. तुमच्या मागणीत शेजारच्या खोलीतलं कुटुंब बसतं का, हे तपासायला हा एकच शब्द पुरेसा आहे.

मग इच्छांचं काय? मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू एकच प्रश्न दोनदा विचारतो: मी तुमच्यासाठी काय करावं अशी तुमची इच्छा आहे? पहिल्यांदा तो जब्दीच्या मुलांना, याकोब आणि योहान या आपल्या शिष्यांना, विचारतो. त्यांना वैभवात उजवी-डावीकडची आसनं हवी आहेत. दुसऱ्यांदा यरीहोच्या रस्त्यावर आंधळ्या बार्तीमयाला विचारतो. त्याला दिसायला हवं आहे. एक निव्वळ महत्त्वाकांक्षा, दुसरी उघडउघड गरज. तरी येशू दोघांनाही तोंडाने सांगायला लावतो. याकोब आणि योहान यांना नकार मिळतो, पण "असलं मागायला आलातच कसे" म्हणून कुणी त्यांना घालवून देत नाही. काय मागताय ते तुम्हांला कळत नाही, असं तो सांगतो, आणि तिथूनच त्यांचं शिक्षण सुरू होतं. मागितलंच नसतं तर ती हाव आत दबून राहिली असती.

म्हणून गरज आणि इच्छा यांची निवड दाराबाहेर करत बसू नका. जसं मनात आहे तसं आत घेऊन या. निवड प्रार्थनेत होते.

आता प्रचारकांचं म्हणणं. ते ज्या वचनावर उभे आहेत ते मार्क ११:२४ आहे: जे काही मागाल ते मिळालं आहे असा विश्वास धरा. वचन खरं आहे, मी ते कमी करणार नाही. पण त्याच मार्कच्या चौदाव्या अध्यायात, अटक होण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत, स्वतः येशू म्हणतो की बापा, तुला सर्व काही शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. तो दुःखाचा प्याला टळला नाही. न मिळणं म्हणजे विश्वास कमी, हा हिशोब धरला तर तो गेथशेमानेलाही लावावा लागेल, आणि तसं म्हणायची कुणाची तयारी असेल असं मला वाटत नाही. तुमच्या मनातली खोटेची शंका इथेच उतरवून ठेवा. मार्क ९ मधल्या आजारी मुलाच्या बापाचा विश्वास अर्धाच होता, त्याने तसं बोलूनही दाखवलं, आणि तेवढ्यावर त्याचं काम झालं. नेमकेपणाने मागा हा प्रचारकांचा सल्ला मी ठेवतो. "मिळालंच म्हणा" हा सोडतो, कारण त्यामुळे माणूस देवाशी खरं बोलायचं थांबतो. रात्री रडू येतंय आणि तोंडाने जयघोष चाललाय, अशा प्रार्थनेत देवाशी बोलायला माणूस हजरच नसतो.

आता फ्लॅट. एक वही घ्या, एका मागणीला एक पान. वर तारीख. खाली ती मागणी एका ओळीत, जशी मनात येते तशी: "प्रभू, आम्हांला स्वतःचा टू बीएचके दे." त्याखाली विचारा, कशासाठी? येईल ते लिहा. मग त्या उत्तरालाही विचारा, कशासाठी? असं तीनदा खाली उतरा. तीनच्या खाली गेलं तर माणूस स्वतःला टोचत बसतो, वर थांबलं तर हाती काही लागत नाही.

तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून तुमचं पान साधारण असं भरेल. दर अकरा महिन्यांनी करार संपतो, घरमालक भाडं वाढवतो किंवा खाली करा म्हणतो. त्यामुळे मुलाची शाळा दोनदा बदलली. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि तिसऱ्या मजल्याला लिफ्ट नाही. आणि प्रश्नाच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की धाकट्या नणंदेने गेल्या वर्षी फ्लॅट घेतला आणि वास्तूच्या प्रार्थनेला गेल्यापासून तुम्हांला नीट झोप लागत नाही.

बघा, एका वाक्यात तीन मागण्या निघाल्या. पहिली गरज आहे: स्थिर छप्पर, शाळा जवळ, जिने नकोत. ती भाड्याच्या घरातही पुरी होऊ शकते. दुसरी इच्छा आहे: घर आपल्या नावावर असावं. ती चांगली इच्छा आहे, तिच्यात पाप नाही. तिसरी जखम आहे: मी मागे पडले, मला कमी लेखलं जातं. फ्लॅट मिळाला तरी ही जखम तशीच राहील, कारण त्यानंतर कुणीतरी थ्री बीएचके घेईलच. या तीन गोष्टींची प्रार्थना तीन तऱ्हेने करायची असते, आणि दोन वर्षं त्या एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या होत्या.

गरजेसाठी धीटपणे आणि नेमकं मागा. लूकच्या अकराव्या अध्यायात मध्यरात्री दार ठोठावणारा माणूस तीन भाकरी मागतो, "थोडी मदत" मागत नाही. इच्छेसाठी मोकळ्या हाताने मागा, ठेवायला तयार आणि सोडायलाही तयार. आणि जखमेसाठी घर मागूच नका. तिथे नणंदेचं नाव घ्या, तिच्या घरासाठी आशीर्वाद मागा, आधी दात-ओठ खात का होईना. सगळ्यांत अवघड प्रार्थना हीच असते आणि मन हलकं व्हायला लागल्याची पहिली खूणही बहुतेक वेळा इथेच दिसते.

शब्द सुचत नसतील तर जुन्या उपासनापद्धतीतला एक साचा वापरा. रविवारच्या छोट्या नेमलेल्या प्रार्थना शेकडो वर्षं पाच भागांत बांधलेल्या आहेत: देवाला हाक, त्याने पूर्वी केलेल्या एखाद्या कामाची आठवण, मागणी, ती कशासाठी, आणि येशूच्या नावाने शेवट. तुमच्या गरजेची प्रार्थना मी अशी लिहीन:

"हे प्रभू, रानात भटकणाऱ्या लोकांना तू राहायचं ठिकाण दाखवलंस. येत्या जूनच्या आत आम्हांला शाळेपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, तळमजल्याचं किंवा लिफ्ट असलेलं घर, १५,००० रुपये भाड्याच्या आत, निदान ३ वर्षं राहता येईल असं मिळू दे. म्हणजे लेकराची शाळा मोडणार नाही, आईंना जिने चढावे लागणार नाहीत आणि आमच्या घरात पुन्हा शेजाऱ्यांसाठी प्रार्थना होईल. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन."

दुसरा भाग गाळू नका. तो १०७ व्या स्तोत्रातून घेतला आहे. देवाच्या कामाची आठवण झाली की मागणीचा सूर बदलतो, गयावया कमी होते. चौथा भाग, म्हणजे "कशासाठी", हा चाळणीसारखा चालतो. याकोबाच्या पत्रात (४:३) लिहिलं आहे की तुम्ही मागता पण मिळत नाही, कारण चैनीवर उधळायला मागता. चौथा भाग लिहिताना पेन अडखळलं तर मागणीत काहीतरी तपासायला हवं. नीतिसूत्रे ३० मधला आगूर तर दारिद्र्य नको आणि श्रीमंतीही नको असं मागतो आणि दोन्हींची कारणं देतो: फार मिळालं तर तुला विसरेन, काहीच नसलं तर चोरी करेन. पाचव्या भागाकडे लोक शिक्का मारल्यासारखं बघतात. मुखत्यारपत्रासारखं बघा. मुखत्यार दुसऱ्याच्या नावाने सही करतो, पण त्या माणसाला मान्य असेल तेवढ्यावरच. "येशूच्या नावाने" म्हणण्याआधी क्षणभर थांबून, तो यावर सही करेल का, हे विचारायचं.

जूनची तारीख देवाला दिलेली मुदत नाही, ती तुमच्यासाठी आहे. नेमकं मागितलं नाही तर "प्रभू, घराचं बघ" याला काहीही उत्तर ठरतं आणि काहीच उत्तर ठरत नाही. मागणी अशी असावी की तिला "हो" आलं तरी कळेल आणि "नाही" आलं तरी कळेल.

प्रार्थनेच्या वेळी समोर कागद ठेवायलाही हरकत नाही. अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र आल्यावर यहूदाचा राजा हिज्कीया ते घेऊन मंदिरात गेला आणि परमेश्वरापुढे उलगडून ठेवलं (२ राजे १९). तुमचा भाडेकरार, मिस्टरांची पगाराची स्लिप, शाळेच्या फीची पावती टेबलावर पसरून ठेवा. नजर आकड्यांवर असली की मन भलतीकडे जात नाही.

आता हातातलं काम. याच हिज्कीयाला पुढच्या अध्यायात १५ वर्षांचं आयुष्य वाढवून मिळतं, आणि तरीही संदेष्टा यशया त्याच्या गळवावर अंजिराचं पोटीस बांधायला सांगतो. वचन आणि पोटीस एकाच परिच्छेदात आहेत. पारसच्या राजाचा यहुदी सेवक नहेम्या यरुशलेमच्या मोडलेल्या तटासाठी किसलेव या यहुदी महिन्यापासून निसानपर्यंत, म्हणजे सुमारे ४ महिने प्रार्थना करतो. राजाने "तुला काय हवं?" विचारल्यावर त्याच क्षणी मनात प्रार्थना करतो आणि लगेच यादी सांगतो: सुभेदारांना पत्रं, वनाचा अधिकारी आसाफ याला लाकडासाठी पत्र. त्या लाकडात त्याच्या स्वतःच्या राहत्या घराचं लाकूडही आहे, हे तुम्ही खास वाचा. प्रार्थनेच्या त्या महिन्यांत त्याने हिशोब करून ठेवला होता. आपल्याकडे केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी गुडघे टेकले आणि त्याच जमिनीत विहिरीही खणल्या. तेव्हा वहीच्या पानावर खालच्या बाजूला "माझ्याकडचं काम" असं लिहा: तीन घरं बघणं, करार तीन वर्षांचा होतो का ते विचारणं, दर महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला टाकणं.

इथे एक इशारा द्यायला हवा. "विश्वासाचं पाऊल" म्हणून कर्ज काढू नका. हातात येणाऱ्या पगारातला निम्म्याहून अधिक भाग हप्त्यात जाणार असेल आणि नोकरी कंत्राटी असेल, तर मी प्रार्थनेत "थांब" हेच उत्तर धरतो, दुसऱ्या खुणांची वाट बघत नाही. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घ्या, हे येशूचंच सांगणं आहे (लूक १४). हा सल्ला परिस्थितीवर अवलंबून आहे. दोघांची नोकरी कायम असेल, थोडी शिल्लक असेल, तर इच्छेच्या पानावरचा फ्लॅट जास्त धीटपणे मागता येईल. आणि एखाद्या घरात आज चूलच पेटत नसेल, तर हा वही-तारखेचा सगळा प्रकार बाजूला ठेवून आधी मंडळीने डाळ-तांदूळ पोहोचवावेत. याकोब २ मध्ये उपाशी माणसाला नुसते शुभाशीर्वाद देऊन पाठवणाऱ्यांना चांगलंच सुनावलं आहे.

मिस्टरांच्या नोकरीची मागणी जरा वेगळी आहे, कारण तिथे दुसऱ्या माणसांच्या मर्जीचा आणि पोटाचा प्रश्न येतो. "अमक्याला काढून यांना घ्या" किंवा "साहेबांचं मन फिरव" अशी प्रार्थना मी कुणाबरोबर करत नाही. "यांचं काम नीट दिसू दे, कायम करायचा निर्णय न्यायाने होऊ दे, आणि इथे दार नसेल तर दुसरीकडे उघड" इतकी करतो. लग्नाच्या मागण्यांतही हेच. जोडीदार मागावा, पण ठरावीक मुलीला किंवा मुलाला आपल्याकडे ओढून आणायची मागणी करू नये. तो माणूसही देवाचाच आहे.

पुढची गोष्ट नवसाची, कारण तुमच्या पत्रात "झालं तर इतकं दान देऊ" असं एक वाक्य आहे. आपल्या मातीत नवस खोल रुजलेला आहे. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणाची घरं, मेणाचे हात-पाय, मेणाची बाळं विकायला असतात. घर हवं असलेला माणूस मेणाचं घर वाहतो. मी प्रोटेस्टंट मंडळीत वाढलो, तरी त्या मेणाच्या घराला मी नावं ठेवणार नाही. शब्द न सुचणाऱ्या माणसाची ती प्रार्थनाच असते. बिघडतं ते सौद्याने: तू हे दे, मग मी ते देईन. मग न मिळाल्यावर देव बुडवा ठरतो आणि मिळाल्यावर हिशोब चुकता होऊन संबंध संपतो. बायबलमधल्या निपुत्रिक हन्नाने मुलगा मागताना नवस केला हे खरं, पण १ शमुवेल १ नीट वाचा. मुलगा पोटात यायच्या आधीच, मन मोकळं करून झाल्यावर ती उठते, जेवते आणि तिचा चेहरा पहिल्यासारखा उदास राहत नाही. दान द्यायचं असेल तर आज जमेल तेवढं द्या, उत्तराशी बांधू नका. आणि "अमुक रकमेचं बी पेरा, शंभरपट मिळेल" असं कुणी खाते क्रमांकासह सांगत असेल, तर तिथे एक रुपयाही देऊ नका. मग तो वचनाचे कितीही दाखले देवो.

रोजची पद्धत म्हणाल तर १५ मिनिटं पुरेत. पहिली ३-४ मिनिटं एक स्तोत्र हळू वाचायचं. मग काल मिळालेल्या तीन गोष्टींसाठी उपकारस्तुती, नावानिशी: "आशीर्वादांबद्दल" असं मोघम नको, "पाणी वेळेवर आलं" असं. फिलिप्पैकरांस पत्र ४:६ मध्ये मागणीबरोबर आभार जोडले आहेत, त्याचा व्यवहारातला उपयोग इथे दिसतो. आभार आधी झाले की मागणीतली घाबरट घाई उतरते. मग ५ मिनिटं मागण्या, त्यांत निदान एक दुसऱ्याची. मग वही मिटून ३-४ मिनिटं गप्प बसायचं. लोक नेमका हा शेवटचा भाग खातात.

एक मागणी दिवसातून एकदा. चाळीस वेळा तेच वाक्य पुटपुटणं म्हणजे बहुतेक वेळा चिंताच असते, फक्त शेवटी "आमेन" लावलेली. चिकाटी आणि बडबड यांतला फरक मी असा ओळखतो: प्रार्थना संपल्यावर माणूस भांडी घासायला उठू शकला तर ती चिकाटी. उठताच येत नसेल, तर त्या दिवशी कुणाला तरी सोबत घ्या, एकटीने मागू नका. उपास करायचा तर एका वेळच्या जेवणाचा, पाणी पीत, आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे कुणाच्या तरी ताटात जावेत. यशया ५८ मधला उपास तोच आहे. सासूबाईंना मधुमेह आहे म्हणता, तर त्यांनी अन्नाचा उपास करू नये, गोळ्या तर अजिबात चुकवू नयेत. त्यांनी संध्याकाळच्या मालिकांचा उपास करावा, तोही उपासच.

तीन महिन्यांनी पान उघडा. दार उघडलं असेल तर तारीख घालून लिहा, नाहीतर सहा महिन्यांत विसरायला होतं. मागणीच बदलली असेल तर जुनी ओळ खोडू नका, खाली नवी लिहा. तुमच्या मागण्या कशा बदलत गेल्या हे वाचण्यासारखं असतं. तीन ठिकाणी एकाच कारणाने नकार आला असेल तर ते कारण ऐकून घ्या. आणि काहीच हललं नसेल, तर आणखी तीन महिने.

कधी थांबायचं? प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं एक दुखणं, जावा म्हणून तीनदा विनंती केली आणि "माझी कृपा तुला पुरे" हे उत्तर मिळाल्यावर ती मागणी सोडली (२ करिंथकरांस १२). उत्तर आल्यावरही मागत राहण्याचा धोका गणना ११ मध्ये आहे. रानातल्या इस्राएल लोकांनी मांसासाठी हट्ट धरला, लावे आले, आणि १०६ वं स्तोत्र म्हणतं की मागितलेलं मिळालं पण जीव झुरला. नकारातही कधी कधी मूळ मागणी पुरी होत असते. ऑगस्टीनची आई मोनिका, मुलाने समुद्र ओलांडून रोमला जाऊ नये म्हणून रात्रभर प्रार्थना करत होती. तो तिला फसवून त्याच रात्री जहाजाने गेला. पण इटलीतच, मिलानमध्ये, त्याचं ख्रिस्ताकडे परिवर्तन झालं, आणि तिची वर्षानुवर्षांची मागणी तीच होती. पुढे त्याने स्वतःच लिहिलं की त्या रात्रीचं मागणं देवाने नाकारलं, ते तिचं नेहमीचं मागणं देण्यासाठी.

प्रत्येक नकार असा उलगडतो, असं मात्र मी तुम्हांला सांगणार नाही. खरोखरीच्या गरजा, भाकरीच्या आणि औषधाच्या, चांगल्या माणसांच्याही अपुऱ्या राहतात. अशा घरी कारणं सांगायला जाऊ नये, डबा घेऊन जावं आणि सोबत बसावं. स्तोत्रसंहितेत "किती वेळ, परमेश्वरा?" हे गाऱ्हाणं पुन्हा पुन्हा येतं आणि ते प्रार्थना म्हणूनच येतं. तुमच्यावर तशी वेळ आली तर तेच शब्द म्हणा.

आता मुलाची सायकल. त्याला थांबवू नका. आठ वर्षांचं पोर मनातलं सगळ्यांत मोठं जे आहे ते देवाला सांगतंय, त्याने नेमकं तेच करायला हवं. फक्त दोन गोष्टी जोडा. सायकल मागून झाली की "माझ्या मित्राला काय हवंय?" हे त्याला विचारा आणि तेही मागायला लावा. आणि सायकल आणायचं ठरलंच, तर गुपचूप आणून "देवाने पाठवली" असं सांगू नका. "बाबांनी सहा महिने पैसे साठवले, देवाने बाबांना काम दिलं, म्हणून आली" असं खरं सांगा, आणि त्याच्याकडून दोघांचेही आभार मानून घ्या. यंदा जमणार नसेल तर तेही स्पष्ट सांगा: "या वर्षी फीचे पैसे आधी आहेत." तरीही त्या रात्री तो पुन्हा सायकल मागेल. मागू द्या, आणि त्याच्या शेजारी गुडघे टेकून मोठ्याने "आमेन" म्हणा.